देवाला दुःख होतं का? आत्याचा प्रश्न, अथेन्स आणि जेरुसलेम

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही वसईचे, घर पिढ्यानपिढ्या कॅथलिक. मागच्या वर्षी प्रायश्चित्तकाळ लागायच्या तोंडावर माझ्या आत्याचा धाकटा मुलगा बाइकच्या अपघातात गेला, बत्तीस वर्षांचा होता. गुड फ्रायडेला क्रुसाची वाट करून सगळे घरी आले, आत्या पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती, आणि शेंगांवरची नजर न काढता तिने मला विचारलं, "तू कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतोस ना, मग सांग, माझं पोर गेलं तेव्हा देवाला दुःख झालं का? का त्याला नुसतं माहीत होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. काहीतरी पुटपुटलो नि उठलो. पण तिचं ते दुसरं वाक्य, "का त्याला नुसतं माहीत होतं", ते काही डोक्यातून जाईना. मग वर्षभर जमेल तसं वाचत गेलो आणि लक्षात आलं की आत्याने पडवीत बसून जो प्रश्न विचारला त्याच्यावरून माणसं पाच-सहाशे वर्षं भांडलीत, बिशप हद्दपार झालेत, सम्राटांनी परिषदा भरवल्यात, आणि आज ज्याला आपण पाश्चात्य विचार म्हणतो त्याचा बराचसा सांगाडा त्या भांडणातच उभा राहिलाय.

थोडक्यात मांडतो. बायबलमधला देव अगदी आपल्यासारखा हळहळणारा आहे. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात माणूस निर्माण केल्याचा त्याला पस्तावा होतो, मनात दुःख होतं. होशेयच्या अकराव्या अध्यायात तो आपल्या लोकांना पोराला चालायला शिकवणाऱ्या बापासारखं बोलतो आणि शिक्षा करायची वेळ आली की त्याचंच काळीज उलटं होतं. आता ग्रीकांकडे या. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात सॉक्रेटिस सरळ हिशेब मांडतो की देव परिपूर्ण आहे, मग तो बदलला तर कुठे जाणार, खालीच ना? म्हणजे देव बदलूच शकत नाही. ॲरिस्टॉटल त्याच्याही पुढे जातो. त्याचा देव म्हणजे स्वतः न हलता सगळं विश्व हलवणारा, आणि तो हलवतो कसा तर प्रिय व्यक्ती आपल्याला ओढून घेते तसा, नुसत्या आकर्षणाने. तो विचार करतो तो फक्त स्वतःचाच. आत्या आणि आत्याचा मुलगा त्याच्या गावीही नाहीत!

आणि गंमत नाही, खरंच सांगतो, त्या ग्रीक देवाची भव्यता मला अजूनही भुरळ घालते. रागलोभ असलेल्या, एकमेकांच्या बायका पळवणाऱ्या होमरच्या देवांपेक्षा हा देव किती स्वच्छ आहे. तत्त्वज्ञांनी ही झाडलोट केली म्हणूनच सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना ते आपले वाटले. ग्रीक भाषेत 'अपाथेस' असा शब्द आहे, ज्याला काही लागत नाही, सोसावं लागत नाही असा. चर्चच्या आचार्यांनी देवाला हे विशेषण जवळजवळ न भांडता लावून टाकलं.

आणि तिथेच अडकलं. कारण यांच्या श्रद्धेच्या मध्यभागी क्रुसावर टांगलेला माणूस आहे, आणि तो देव आहे असं हे म्हणतात. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अँटिऑकचा बिशप इग्नेशियस, त्याला रोमला श्वापदांपुढे टाकायला नेत होते, वाटेत त्याने पॉलिकार्प या दुसऱ्या बिशपला पत्र लिहिलं त्यात ख्रिस्ताबद्दल तो म्हणतो, जो सोसू शकत नाही आणि ज्याने आपल्यासाठी सोसलं. दोन्ही एकाच दमात. अर्थ लावायचं काम पुढच्यांवर सोडून तो मरायला गेला.

माझं म्हणणं एवढंच आहे की ग्रीक तत्त्वज्ञान आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचा संगम झाला, मिलाफ झाला असं जे पाठ्यपुस्तकात येतं ते मला पटत नाही. यांनी ग्रीकांचे शब्द घेतले आणि त्या शब्दांत अशी गोष्ट सांगायचा हट्ट धरला जी कुठल्याच ग्रीकाला पटली नसती. त्या ओढाताणीत शब्दच ताणले गेले. तुम्हाला काय वाटतं?

रानवाटा

आधी तुमच्या आत्याला नमस्कार. प्रश्न ऐकून गलबललं.

पण एक शंका. हे असं म्हणता येईल का की मूळ श्रद्धा साधी होती, गालीलातल्या कोळ्यांची, आणि नंतर ग्रीक शिकलेल्या लोकांनी तिचं शास्त्र करून टाकलं? आम्हाला एमएला हारनॅक या जर्मन धर्मपंडिताचं मत शिकवलं होतं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याने मांडलं होतं की डॉग्मा, म्हणजे चर्चचे ठरीव सिद्धान्त, हे शुभवर्तमानाच्या जमिनीवर ग्रीक बुद्धीने केलेलं काम. मला तेव्हा ते फार पटलं होतं. सोलून काढा ग्रीक साल, आत खरा गाभा मिळेल.

खाडीकाठ

@रानवाटा, मीही तिथूनच सुरुवात केली होती. पण साल सोलायला गेलं की गाभ्यापर्यंत ग्रीकच लागतं हो. नवा करार लिहिलाय मुळात ग्रीकमध्ये. त्याच्या आधी इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातल्या यहुद्यांनी हिब्रू शास्त्र ग्रीकमध्ये आणलं, त्यालाच सेप्ट्युअजिंट म्हणतात. जळत्या झुडपातून देव मोशेला नाव सांगतो ते हिब्रूत गूढच आहे, "मी आहे तो आहे" किंवा "मी असेन तो असेन" असं काहीतरी, आणि ग्रीकमध्ये त्याचं झालं "हो ओन", जो आहे तो, अस्तित्ववान. एका भाषांतरात देवाचं नाव तत्त्वज्ञानाच्या वर्गात जाऊन बसलं! पुढे हजार-दीड हजार वर्षं लोक त्या दोन शब्दांवर लिहीत राहिले.

आणि पौल अथेन्समध्ये आला तो प्रसंग बघा, प्रेषितांची कृत्ये, सतरावा अध्याय. गावभर मूर्ती बघून तो अस्वस्थ झालाय, बाजारात स्टोइक आणि एपिक्युरियन लोकांशी वाद घालतोय, ते त्याला अरेओपाग नावाच्या सभेच्या टेकडीवर नेतात. तिथे तो "अज्ञात देवाला" असं लिहिलेल्या वेदीपासून सुरू करतो आणि त्यांच्याच कवीची ओळ ऐकवतो, आम्ही त्याचाच वंश आहोत, ही ओळ आराटसच्या खगोलावरच्या काव्यातली. इथपर्यंत सगळे कान देऊन ऐकतात. मेलेला माणूस उठला म्हटल्यावर मात्र काही जण हसायला लागले आणि बाकीचे म्हणाले, पुन्हा कधीतरी ऐकू. आत्मा अमर आहे असं तो म्हणाला असता तर प्लेटोवाल्यांनी मान डोलावली असती. शरीर उठणार म्हटल्यावर सभा फुटली. मला तर वाटतं पुढचा सगळा इतिहास त्या एका दुपारमध्ये आहे.

शेवंती

छान धागा, वाचतेय. मी या विषयातली नाही, नर्स आहे. ते हद्दपार झालेले बिशप कोण आणि का, ते जरा सोपं करून सांगाल का?

खाडीकाठ

@शेवंतीताई, सांगतो.

अलेक्झांड्रियात एरियस नावाचा धर्मगुरू होता. त्याचं म्हणणं असं की देव तर बदलत नाही, त्याला भूक लागत नाही, तो रडत नाही. येशूला भूक लागली, तो रडला, मेला. म्हणजे तो पूर्ण देव नव्हे, देवाने निर्माण केलेला सगळ्यात थोर असा कुणीतरी. तर्क म्हणून बघाल तर बिनतोड आहे. ग्रीक हिशेब प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेला की तिथेच पोचतो माणूस.

हा वाद इतका पेटला की सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली नायसियाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, परिषद बोलावली. आम्ही मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, जो क्रीड (श्रद्धेची कबुली) म्हणतो तो तिथून सुरू होतो, २०२५ला त्याला १७०० वर्षं झाली. तिथे त्यांनी शब्द वापरला होमोऊसिओस, म्हणजे पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा. हा शब्द बायबलमध्ये कुठेच नाही! सरळ तत्त्वज्ञानाच्या पेटीतून उचललेला. म्हणून अनेक बिशपांना तो पचला नाही. अलेक्झांड्रियाचा पुढचा बिशप अथनेशियस तो धरून बसला आणि पाच वेळा हद्दपार झाला. पण त्या शब्दाने सांगितलं काय, तर रडला तो देवच होता. म्हणजे ग्रीक शब्दाने ग्रीक तर्काला अडवलं. मला हेच सांगायचं होतं वर.

आणि हे फक्त पंडितांचं नव्हतं बरं. निसाचा ग्रेगरी ३८१च्या सुमाराचं कॉन्स्टँटिनोपल सांगतो, की सुटे पैसे मागायला जा तर सराफ जन्मलेला आणि अजन्मा यावर बोलतो, पावाचा भाव विचारा तर उत्तर येतं पिता थोर, पुत्र धाकटा, आणि हमामात पाणी तापलं का विचारलं तर म्हणे पुत्र शून्यातून झाला. तो वैतागून लिहितोय, पण मला ते वाचून त्या शहराबद्दल आदरच वाटला.

कातळ

माहितीपूर्ण आहे, पण एक बाजू सुटतेय असं वाटतं म्हणून लिहितो. ४१५ साली अलेक्झांड्रियात हायपेशियाला ख्रिस्ती जमावाने ठार मारलं, गणित आणि तत्त्वज्ञान शिकवणारी बाई होती ती. ५२९ साली जस्टिनियनने अथेन्समधलं तत्त्वज्ञान शिकवणं बंद पाडलं, शेवटचे सात तत्त्वज्ञ इराणच्या खुस्रोच्या आश्रयाला गेले. तुम्ही ओढाताण म्हणताय, मला तर हे सरळ गळा दाबणं वाटतं. ज्यांनी शब्द उसने घेतले त्यांनी सावकारालाच घराबाहेर काढलं.

उत्तरपक्ष

@कातळ, हायपेशियाच्या बाबतीत काहीही सारवासारव करता येत नाही, करूही नये. ५२९बद्दल मात्र एक भर घालतो, कारण त्याच साली अलेक्झांड्रियात योहान फिलोपोनस नावाच्या ख्रिस्ती पंडिताने प्रोक्लस या प्लेटोवादी तत्त्वज्ञाविरुद्ध ग्रंथ लिहिला. वाद असा की जग अनादी आहे का निर्माण झालंय. ॲरिस्टॉटल अनादी म्हणतो, बायबल निर्मिती म्हणतं. फिलोपोनस श्रद्धेतून ॲरिस्टॉटलवर उठला, पण लढला मात्र ॲरिस्टॉटलच्याच हत्यारांनी, आणि एकदा गुरूवर शंका घ्यायची सवय लागल्यावर त्याच्या भौतिकशास्त्रावरही घेतली. ॲरिस्टॉटलच्या म्हणण्याप्रमाणे जड वस्तू वजनाच्या प्रमाणात लवकर पडायला हवी. हा म्हणतो, एक वजन दुसऱ्याच्या कितीतरी पट घ्या, एकाच उंचीवरून सोडा, वेळेतला फरक अगदी किरकोळ निघतो. हजारेक वर्षांनी गॅलिलिओ त्याचं नाव घेतो.

आता खाडीकाठ यांच्या मूळ मुद्द्याला जोडून एक गोष्ट, जी मला स्वतःला फार सुंदर वाटते. देव सोसू शकत नाही यावर ठाम असलेल्यांत नेस्टोरियस होता, कॉन्स्टँटिनोपलचा बिशप. मरियेला देवमाता म्हणू नका असं त्याचं म्हणणं, ४३१च्या एफेससच्या परिषदेने त्याला पदावरून काढलं. त्याच्या बाजूची सिरियाक भाषेतली पंडितमंडळी एडेसाच्या विद्यालयात होती, ते सम्राट झेनोने ४८९ साली बंद केलं, मग ती सीमा ओलांडून इराणी राज्यातल्या निसिबिसला गेली. जाताना काय नेलं तर ॲरिस्टॉटलचं तर्कशास्त्र. चारेकशे वर्षांनी बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक, त्याच चर्चचा वैद्य, आणि त्याचा मुलगा इसहाक ग्रीक ग्रंथ अरबीत आणत होते. मग इब्न सिना, मग कॉर्डोबाचा इब्न रुश्द, त्याच सुमाराला स्पेनमधल्या टोलेडोत क्रेमोनाचा जेरार्ड बसून अरबीवरून लॅटिन करतोय. म्हणजे ज्यांना बाहेर घालवलं त्यांच्याच वाटेने ॲरिस्टॉटल मोठा वळसा घालून पॅरिसला पोचला. म्हणून "पाश्चात्य विचार" म्हणताना यातली निम्मी वाट बगदादवरून जाते हे विसरू नये, अशी सगळ्यांना विनंती.

पॅरिसमध्ये काय झालं तेही बघा. १२१०ला ॲरिस्टॉटलच्या निसर्गविषयक ग्रंथांवर शिकवायला बंदी, १२५५ला तेच ग्रंथ अभ्यासक्रमात. आणि १२७७ला बिशप तांपिएने २१९ विधानं धिक्कारली, त्यातली काही तर थॉमस अक्वायनस या चर्चच्या थोर तत्त्वज्ञालाही लागत होती. त्या यादीत असं होतं की देव अनेक विश्वं निर्माण करू शकत नाही असं कुणी शिकवू नये. ॲरिस्टॉटल म्हणतो विश्व एकच असू शकतं. बिशप म्हणतो, देवाला तू कोण अडवणार? आता बंदी आहे खरी, पण परिणाम असा की प्राध्यापकांना दुसरी विश्वं, पोकळी, यांचा निदान कल्पनेत विचार करावाच लागला. आधुनिक विज्ञानाचा जन्म तिथेच झाला असं विज्ञानाचा फ्रेंच इतिहासकार द्यूएम म्हणायचा, ते सगळ्या इतिहासकारांना मान्य नाही, मलाही ते फार ताणलेलं वाटतं. पण जग असंच असायला हवं होतं असं नाही, ते वेगळंही असू शकलं असतं, मग ते कसं आहे हे जाऊन बघावं लागेल, ही दृष्टी श्रद्धेकडून आली एवढं मला मान्य आहे.

अवांतर: मी संस्कृतचा माणूस. अक्वायनसचा 'सुम्मा' पहिल्यांदा उघडला तेव्हा घरी आल्यासारखं वाटलं. प्रत्येक प्रश्नात आधी विरोधकाचे आक्षेप, तेही चांगले जोरकस, मग प्रमाण, मग स्वतःचं उत्तर, मग एकेका आक्षेपाचं निरसन. विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त! मीमांसकाला दुसरं काय हवं.

रानवाटा

@उत्तरपक्ष दंडवत. एडेसा ते पॅरिस ही वाट मला अजिबात माहीत नव्हती. यावर वेगळा धागा काढाच.

अबोली

मी गोव्याची, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जातं. योहानाच्या शुभवर्तमानाची पहिली ओळ, प्रारंभी शब्द होता. मूळ ग्रीकमध्ये 'लोगोस'. हेराक्लायटस आणि स्टोइकांकडे लोगोस म्हणजे विश्वाला आतून धरून ठेवणारी सुसूत्रता, बुद्धी, हिशेब, सगळंच. अलेक्झांड्रियाचा यहुदी फिलो तोच शब्द देव आणि जग यांच्यामधला दुवा म्हणून वापरतो. मराठीत 'शब्द' आला आणि मला वाटतं आपलं नुकसान झालं नाही, कारण आपल्या कानात शब्दब्रह्म आधीपासून आहे. फादर स्टीफन्स इंग्लंडहून १५७९ला गोव्यात आले आणि त्यांनी ओव्या रचल्या, त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६चं, त्यांनाही हाच पेच पडला असणार, इथलेच शब्द घ्यायचे आणि इथे पूर्वी कुणी न सांगितलेली गोष्ट सांगायची.

आणि पंडिता रमाबाई. त्या केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळावरून मराठी बायबल करत होत्या, मुक्ती मिशनमधल्या बायकाच खिळे जुळवायच्या, छापायच्या. जुलै १९२१ला त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई गेल्या एप्रिल १९२२ला. मधले ते आठ-नऊ महिने भाषांतराचं काम चालूच होतं. खाडीकाठ, तुमच्या आत्यांचं वाचताना मला सारखं हेच आठवत होतं.

अजून एक. दुसऱ्या शतकाच्या शेवटी अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट म्हणाला की यहुद्यांना जसं नियमशास्त्र तसं ग्रीकांना तत्त्वज्ञान, ख्रिस्ताकडे बोट धरून नेणारं. आपले रेव्हरंड टिळक म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. सतराशे वर्षांचं अंतर आहे दोघांत आणि बोलणं किती एकसारखं.

कातळ

@अबोली, मग सरळ सगुण-निर्गुणच म्हणा ना. निर्गुणाला काही लागत नाही, सगुण विठोबा भक्तासाठी कळवळतो. आपल्याकडे हा प्रश्न सुटलेलाच आहे की.

खाडीकाठ

@कातळ, मीही हे करून बघितलं. आत्याला समजावताना सोयीचं पडलं असतं. पण एका जागी अडतं. क्रीडमध्ये पोंती पिलात या रोमन अधिकाऱ्याचं नाव आहे, प्रत्येक रविवारी आम्ही ते घेतो. म्हणजे हे एकदाच झालं, अमुक सुभेदाराच्या कारकिर्दीत, अमुक गावाबाहेर. परमतत्त्वाबद्दल बोलताना सुभेदाराचं नाव घेणं ग्रीक तत्त्वज्ञाला किती विचित्र वाटलं असेल! ज्याला इतिहास आहे ते अंतिम सत्य कसं? इथेच त्यांना 'व्यक्ती'साठी नवा अर्थ घडवावा लागला. ग्रीक प्रोसोपोन, लॅटिन पर्सोना, दोन्ही म्हणजे मुळात चेहरा, नटाचा मुखवटा. तत्त्व एक आणि व्यक्ती तीन असं सांगता सांगता मुखवट्याचा अर्थच उलटला, कुणासारखं तरी दिसणं होतं ते खुद्द कुणीतरी असणं झालं. सहाव्या शतकात बोएथियस हा रोमन तत्त्वज्ञ त्याची व्याख्या करतो आणि ती शतकानुशतकं चालते. आज आपण माणसाचं व्यक्तिमत्त्व, व्यक्तीची प्रतिष्ठा म्हणतो, त्या शब्दामागे हे भांडणसुद्धा आहे.

यात टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाबद्दलही सांगायला हवं. अथेन्सचा जेरुसलेमशी काय संबंध, हे गाजलेलं वाक्य त्याचं, साधारण इ.स. २००, कार्थेजमधलं. आणि लॅटिनमध्ये तीन व्यक्ती एक तत्त्व ही भाषा रुजवली तीही त्यानेच! प्रश्न मनापासून विचारला होता त्याने. पण अथेन्सशिवाय त्यालाही बोलता आलं नाही.

देशांतर

जर्मनीत असतो, इथली बाजू सांगतो. विसाव्या शतकात हा प्रश्न इथे पुन्हा उघडला आणि या वेळी ग्रीकांच्या विरोधात. डीट्रिख बोनहॉफर हा पाद्री हिटलरच्या तुरुंगातून १६ जुलै १९४४ला मित्राला लिहितो की केवळ सोसणारा देवच मदत करू शकतो. पुढच्या एप्रिलमध्ये त्याला फासावर दिलं. धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान पोरसवदा असताना १९४३च्या हॅम्बुर्गच्या बॉम्बहल्ल्यात सापडला, शेजारी उभा असलेला त्याचा मित्र जागच्या जागी मेला. त्याने १९७२ला जे पुस्तक लिहिलं त्याचा रोखच हा की ज्या देवाला सोसता येत नाही त्याला प्रेमही करता येत नाही. पुत्राने मरण सोसलं आणि पित्याने पुत्राचा मृत्यू सोसला. मुलगा गेलेल्या बापाचं दुःख. हे खाडीकाठ यांच्या आत्यांना सांगण्यासारखं आहे असं मला वाटतं.

मागे रोमला गेलो होतो तेव्हा व्हॅटिकनमधली राफाएलची खोली बघितली, १५०९ ते ११च्या आसपासची. 'अथेन्सचं विद्यालय' सगळ्यांना माहीत असतं, प्लेटोचं बोट वर, ॲरिस्टॉटलचा पंजा जमिनीकडे. पण समोरच्याच भिंतीवर वेदीवर ख्रिस्तप्रसाद आहे, भोवती आचार्य आणि संत वाद घालतायत, वर स्वर्ग उघडलाय. गर्दी सगळी अथेन्सचा फोटो काढत होती. मी मध्ये उभा राहिलो तर एकीकडे तोंड केलं की दुसरीकडे पाठ होतेच, दोन्ही एकदम बघायची सोयच नाही त्या खोलीत.

आणि पास्कल. गणिती माणूस, २३ नोव्हेंबर १६५४च्या रात्री त्याला जे काही जाणवलं ते त्याने कागदावर लिहिलं. अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. तो कागद त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला होता, कुणालाच माहीत नव्हतं, १६६२ला तो गेल्यावर नोकराच्या हाताला लागला.

शेवंती

सगळं दोनदा वाचलं. मला तत्त्वज्ञान कळत नाही पण देशांतर यांच्याशी मी सहमत नाही, सांगू का?

मी अठरा वर्षं आयसीयूत काम करतेय. एकदा रात्री एक तरुण पेशंट हाताखाली होता, माझ्याच मुलाच्या वयाचा, माझ्या मनावर इतका परिणाम झाला की सलाइनची सुई लावताना हात थरथरायला लागला. आमच्या सिस्टरने मला बाजूला केलं, स्वतः सुई लावली. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. त्या पोराची आई दारातून बघत होती आणि तिची नजर माझ्यावर नव्हती, सिस्टरच्या हातावर होती. मी रडत होते म्हणून तिला माझा आधार वाटला नाही. ज्याचा हात थरथरत नाही असं कुणीतरी तिला हवं होतं. तुमचा तो न हलणारा देव मला त्या दिवसापासून समजतो.

उत्तरपक्ष

शेवंतीताई, तुम्ही अक्वायनस न वाचता अक्वायनस सांगितलात. 'सुम्मा'च्या पहिल्या भागात एकविसाव्या प्रश्नात तो विचारतो, देव दयाळू आहे का. उत्तर असं की दुसऱ्याच्या दुःखाने दुःखी होणं देवाला लागू नाही, पण ते दुःख हटवणं मात्र सगळ्यात जास्त त्यालाच शोभतं. अगदी तुमची सिस्टर.

देशांतर

@शेवंती, पटलं. पूर्ण नाही, पण तुमचा तो प्रसंग वाचल्यावर मोल्टमानची काही पानं परत वाचावी लागणार मला. फक्त एक विचारतो, तो मुलगा वाचला नसता तर त्या आईची नजर कुणाकडे गेली असती?

शेवंती

नाही वाचला. पहाटे गेला. आणि हो, तेव्हा ती माझ्याच गळ्यात पडली. सिस्टर ड्युटी संपल्यावर लिनन रूममध्ये जाऊन रडली, ते मला खूप नंतर कळलं.

खाडीकाठ

दोन दिवस काही लिहिता आलं नाही. शेवंतीताई, तुमचे दोन्ही प्रतिसाद मी प्रिंट काढून आत्याकडे घेऊन गेलो, परवानगी न विचारता, राग मानू नका. चष्मा लावून तिने स्वतः वाचले. मग मी तिला योहानाचा अकरावा अध्याय वाचून दाखवला, लाजर मेलाय, मार्था आणि मरिया रडतायत, आणि मग ते दोन शब्दांचं वचन, येशू रडला. तिने मला थांबवलं. म्हणाली, "पण त्याला तर माहीत होतं ना लाजरला आपण आता उठवणार? आधीच सांगितलंय त्याने शिष्यांना." म्हटलं हो, माहीत होतं. "तरी रडला?" म्हटलं हो. बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माहीत असूनही रडता येतं."

मागच्या वर्षीच्या "का त्याला नुसतं माहीत होतं"चं उत्तर तिचं तिनेच काढलं, मी नुसता वाचत होतो.

उत्तरपक्ष

वाचून अंगावर काटा आला. याच अध्यायावर हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याचं प्रवचन आहे. हा माणूस दोन्ही घरं राहिलेला, मिलानमध्ये प्लेटोवाद्यांची पुस्तकं वाचून त्याच्या मनाची दारं उघडली आणि तो पुढे सांगतो की शब्द देवापाशी होता हे मला त्यांच्याकडे सापडलं, पण शब्द देही झाला हे नाही सापडलं. तर त्या प्रवचनात तो म्हणतो, तू इच्छा नसताना हेलावतोस, ख्रिस्त हेलावला कारण त्याने तशी इच्छा केली. म्हणजे अश्रू खरे, पण ते त्याच्यावर येऊन आदळले नाहीत, त्याने ते घेतले. ग्रीकांचा न हलणारा देव आणि लाजरच्या थडग्यापाशी रडणारा, दोघांनाही एका वाक्यात बसवलंय. आत्यांना हे जरूर सांगा, त्यांना काय वाटतं ते ऐकायला आवडेल.

खाडीकाठ

@उत्तरपक्ष, आत्ताच फोनवर सांगितलं. आधी परत एकदा वाच म्हणाली, वाचलं. मग म्हणाली, "मोठा माणूस असेल तो, पण ठरवून कोण रडतं रे?" आणि शनिवारी ये म्हणालीय, वाल संपत आलेत, शेवटच्या शेंगा राहिल्यात.